दहापर्यंत

कायानीच्या चर्चचं तळघर, गुरुवारी संध्याकाळी सहा.
आम्ही अकरा जण गोल करून बसायचो,
बूट दाराशी, पायांत नुसते मोजे.
नुसत्या मोज्यांवर माणसाला फार वेळ
खोटं बोलता येत नाही,
हे राइलीला बहुधा ठाऊक असावं.
शिकवायला तीच यायची.

पहिल्या दिवशी तिने विचारलं, का आलात?
कुणी म्हणालं, घर रिकामं झालंय.
कुणी म्हणालं, देण्यासारखं अजून बरंच उरलंय.
मी म्हणालो, हिल्क्काने नाव घातलं.
सगळे हसले.
खरं तेच होतं.

एकतीस वर्षं मी रस्त्यावरचा बर्फ ढकलला,
पहाटे तीनला, टपावर पिवळा दिवा गरगरत ठेवून.
घाई केली की पातं रस्त्याचीच साल काढतं,
एवढं एक त्या कामात शिकलो.
वर्गात हे आठवलं असतं
तर सांगितलं असतं.

तिसऱ्या गुरुवारी राइलीने माझ्या हातात
कचऱ्याची काळी पिशवी दिली.
म्हणाली, तू पंधरा वर्षांचा. हे तुझं सामान.
हे तुझं चौथं घर. ये आत.
वय एकसष्ट, गुडघ्यात स्टील.
आलो.
दाराच्या जागी दोन खुर्च्या, त्यांच्या पलीकडे हिल्क्का.
ती म्हणाली, भूक लागलीय का रे?

साधा प्रश्न. चाळीस वर्षं रोज ऐकतोय.
हो म्हणावं तर अधाशी ठरेन.
नाही म्हणावं तर हिचा चेहरा पडेल,
आणि हिचा चेहरा पडला
तर पिशवी कुणाची बाहेर जाईल?
गाठ मुठीत आवळून
मी जमिनीकडे बघत राहिलो.
राइली म्हणाली, बास, झालं.
माझी मूठ काही सुटेना.

मार्चमध्ये ईमेली आला.
पिशवी तशीच, काळी.
हिल्क्काने काहीही विचारलं नाही.
सूप टेबलावर ठेवलं
आणि खिडकीची पुसलेली काच पुन्हा पुसत बसली.

गादीखाली राईच्या पावाचे तुकडे सापडले,
वाळून कौलासारखे झालेले.
फेकू नका, रागावू नका,
असं वर्गातल्या वहीत माझ्याच अक्षरात होतं.
त्यांच्यावर दातांच्या खुणा असतील,
मोह झाला आणि आवरला अशा,
हे वहीत नव्हतं.
आता त्याच्या फळीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतो.
भरतो कोण, यावर घरात कुणी बोलत नाही.

मग एप्रिलमधली ती रात्र.
न्हाणीघराचं दार बिजागरीतून निघालं.
तो ओरडला, माझे पैसे मिळतात तुला!
मी म्हणालो, मिळतात. त्यातूनच तुझे बूट आले.
अक्षर न् अक्षर खरं,
आणि पातं रस्त्यात रुतल्याचा तो आवाज
मी माझ्या कानांनी ऐकला.

फ्रिजवर एक नंबर चिकटवलेला होता.
रात्री दोनला लावला.
पलीकडे कोणी मार्केट्टा, आवाजात झोप.
मी सगळं सांगितलं, दारासकट, बुटांसकट.
वाटलं, आता तीन उपाय सांगेल.
ती म्हणाली,
तू जेवलास का?

मी जमिनीकडे बघत राहिलो.

दार मी बसवलं. थोडं तिरकं बसलंय.
त्याच्या खोलीचं दार मात्र वाजवायचं
आणि दहा मोजायचे,
राइलीचा नियम. आत शांतता असली तरी
दहाच्या आत मूठ पुन्हा उचलायची नाही.

परवा तो सूप पिता पिता म्हणाला,
माझ्याकडे न बघता,
तू दहा मोजतोस ते आत ऐकू येतं.
मोठ्याने मोजतोस.

तेव्हापासून मनात मोजतो.
कधी आठाला दार उघडतं.
कधी दुसऱ्या दिवशी.
काल मी सातावर होतो
आणि आतून कुणीतरी म्हणालं,
आठ.